रोमचा सुरुवातीचा इतिहास आणि कारभार: पहिल्यांदाच वाचणाऱ्यांनी कुठून आणि कसं सुरू करायचं

रोमचं वाचायला घेतलं की बहुतेक जण थेट ज्युलियस सीझरपासूनच सुरू करतात, साहजिकच आहे, ओळखीचं नाव तेच असतं. पण थोडं पुढे गेलं की गाडी अडते. सिनेट नेमकं काय करायचं, कॉन्सल दोन कशाला, ट्रिब्यून नावाचा एक माणूस 'नाही' म्हणाला की सगळं कामकाज का थांबतं, आणि सीझर राजा होणार एवढ्या संशयावर सिनेटर लोक खंजीर काढण्यापर्यंत का गेले, यातलं काहीच नीट कळत नाही. कारण या सगळ्याची उत्तरं सीझरच्या साडेचारशे वर्षं आधीच्या गोष्टींत आहेत आणि तो भाग आपण गाळलेला असतो.

म्हणून हा लेख फक्त त्या आधीच्या काळासाठी, म्हणजे गाव वसल्यापासून ते उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराबरोबरच्या लढाया सुरू होईपर्यंत. एक गोष्ट आधीच सांगतो, ती वाचताना सतत डोक्यात ठेवा. रोमन लोकांनी कधी एकत्र बसून राज्यघटना लिहिली नाही, त्यांचा कारभार भांडणांतून तुकड्यातुकड्यानं उभा राहिला. त्यामुळे कुठलंही पद, कुठलाही कायदा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे कोणाला अडवायला आणलं? एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं असं मी म्हणेन, कारण नावं आणि सनावळ्या मग आपोआप जागेवर बसतात.

पायरी १: फक्त पाच सनावळ्या लिहून घ्या

वहीच्या एका पानावर उभी रेघ मारा आणि वरून खाली हे पाच आकडे लिहा. इ.स.पू. ७५३, परंपरेनुसार रोम वसलं. इ.स.पू. ५०९, राजा हाकलला आणि प्रजासत्ताक सुरू झालं. इ.स.पू. ४९४, सामान्य लोक शहर सोडून निघून गेले. इ.स.पू. ३६७, दोनपैकी एक कॉन्सल, म्हणजे राजाच्या जागी वर्षभरासाठी निवडलेला मुख्य अधिकारी, सामान्य लोकांतला असावा हे ठरलं. इ.स.पू. २८७, सामान्यांच्या सभेचे ठराव सगळ्यांना बंधनकारक झाले. बास. बाकीचं जे काही वाचाल ते या पाचांच्या मधे कुठे पडतं एवढं बघायचं.

सुरुवातीचे आकडे रोमन लोकांनीच नंतर बसवलेले आहेत, ७५३ हा तर त्यांच्याच विद्वानांच्या हिशोबातला आकडा, त्यामुळे इ.स.पू. ३०० च्या आधीचा कुठलाही सन 'परंपरेनुसार' असं मनात म्हणूनच वाचायचा. आणि आपल्याकडे रोम म्हटलं की कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आठवते, सातवाहन काळातला व्यापार आठवतो, तर ते सगळं या पानाच्या कितीतरी खाली येतं, तो साम्राज्याचा जमाना. आपण बोलतोय ते रोम तेव्हा एक गाव होतं.

पायरी २: मॅप उघडा आणि नदी बघा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग लढायांची नावं नुसती डोक्यावरून जातात. पाच मिनिटं द्या. टायबर नदी समुद्राला मिळते तिथून साधारण २५ किलोमीटर आत रोम आहे. नदीत एक छोटं बेट आहे आणि त्या भागात नदी ओलांडायला सोपी, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तिथूनच जावं लागणार. समुद्राकडे मिठागरं होती आणि मीठ नदीच्या कडेनं आत डोंगराळ भागात जायचं, त्या वाटेचं नावच पुढे मिठाची वाट म्हणून पडलं, व्हिया सालारिया. म्हणजे नदीचा उतार आणि मिठाचा रस्ता दोन्ही एकाच ठिकाणी, आणि राहायला बाजूला उभ्या कड्यांच्या टेकड्या. पॅलाटाइन आणि कॅपिटोलाइन या दोन टेकड्या आधी शोधा, त्यांच्या मधली सखल दलदलीची जागा सांडपाण्याचा मोठा नाला काढून कोरडी केली आणि तिथे फोरम झाला, म्हणजे बाजार, कोर्ट, सभा सगळं एकाच मैदानात.

आता शेजारी बघा. नदीपलीकडे उत्तरेला एट्रुस्कन लोक, जास्त श्रीमंत, जास्त शिकलेले, आणि त्यांचं व्हेई हे शहर रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर. दक्षिणेला लॅटिन गावं, भाषा तीच, देव तेच. डोंगरात सबाइन, एक्वी, व्हॉल्स्की. हे सगळे एवढे जवळ आहेत की सकाळी निघून लढाई करून दोन दिवसांत घरी येता यावं, आणि लढणारा माणूस पगारी शिपाई नव्हे तर स्वतःचं शेत टाकून आलेला शेतकरी. हा शेवटचा मुद्दा अधोरेखित करून ठेवा, पाचव्या पायरीला त्याच्यावरच सगळं उभं आहे.

पायरी ३: सात राजे, वाचायचे कसे

रोम्युलस, नुमा पॉम्पिलियस, टुलस होस्टिलियस, अँकस मार्सियस, टार्क्विनियस प्रिस्कस, सर्व्हियस टुलियस आणि शेवटी टार्क्विनियस सुपर्बस म्हणजे गर्विष्ठ टार्क्विन. पाठ करत बसू नका. रोम्युलसनं गाव वसवलं, नुमानं देवधर्म लावून दिला, सर्व्हियसनं लोकांची शिरगणती करून मालमत्तेप्रमाणे गट पाडले, आणि शेवटच्यानं जुलूम केला, एवढं पुरे.

यात खरं किती? साधा हिशोब करून बघा. ७५३ ते ५०९ म्हणजे २४४ वर्षं, भागिले सात राजे, म्हणजे सरासरी जवळजवळ ३५ वर्षं एकेकाची कारकीर्द. त्यात एकाचा मृत्यू वीज पडून, दोघांचे सरळ खून, एक हाकललेला, रोम्युलस तर वादळात गायबच झाला. अशा गादीवर सरासरी ३५ वर्षं पटत नाहीत. एक तर राजे सातपेक्षा जास्त असणार किंवा काळ कमी असणार.

पण म्हणून सगळंच थाप म्हणून सोडून द्यायचं का, तर अजिबात नाही. पॅलाटाइन टेकडीवर खोदकामात इ.स.पू. आठव्या शतकातल्या झोपड्यांच्या खांबांचे खड्डे खडकात कोरलेले सापडलेत, म्हणजे त्या सुमाराला तिथे वस्ती होती. आणि १८९९ साली जाकोमो बोनी यांनी फोरममधल्या काळ्या फरशीखाली एक तुटका दगडी खांब शोधला, त्यावर अगदी जुन्या लॅटिनमध्ये मजकूर आहे आणि त्यात राजा हा शब्द वाचता येतो. इ.स.पू. सहाव्या शतकातला हा दगड. म्हणजे रोममध्ये राजे होते यात शंका नको, त्यांच्या कथा मात्र नंतर रंगवलेल्या. मला स्वतःला हा दगड रोम्युलसला दूध पाजणाऱ्या त्या लांडगीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

एक लक्षात ठेवण्यासारखं, रोममध्ये गादी बापाकडून मुलाकडे जायचीच असं नव्हतं. राजा मेला की सिनेटमधले, म्हणजे सल्लागार मंडळातले, लोक पाच-पाच दिवस आळीपाळीनं कारभार बघायचे, त्याला इंटररेक्स म्हणायचे, आणि मग नवा राजा निवडला जायचा. राजे गेल्यावरही ही पद्धत राहिली, दोन्ही कॉन्सल नसले की इंटररेक्स नेमायचे.

पायरी ४: राजाची धास्ती समजून घ्या

गोष्ट अशी सांगतात की टार्क्विनच्या मुलानं ल्युक्रिशिया नावाच्या घरंदाज बाईवर बलात्कार केला, तिनं बापाला आणि नवऱ्याला बोलावून सगळं सांगितलं आणि स्वतःच्या छातीत सुरी खुपसली. तिथे हजर असलेल्या ब्रूटसनं तीच सुरी हातात घेऊन शपथ घेतली की यापुढे रोममध्ये कोणी राजा होणार नाही. मग ब्रूटस आणि ल्युक्रिशियाचा नवरा कोलाटिनस असे दोन कॉन्सल निवडले गेले.

आता पुढे काय झालं ते बघा, कारण त्यातच रोमन लोकांचं मन दिसतं. कोलाटिनस स्वतः पीडित, क्रांतीतला माणूस, पण त्याचं आडनाव टार्क्विनियस. लोकांना तेवढंही खपेना. त्याला पद सोडून गावाबाहेर जावं लागलं. त्याच्या जागी आलेला व्हॅलेरियस टेकडीवर घर बांधायला लागला तर कुजबुज सुरू झाली की हा गढी बांधतोय, राजा व्हायचंय याला. त्यानं रातोरात सामान उतरवून घर टेकडीच्या पायथ्याशी नेलं, आणि सभेत आल्यावर अधिकाराची खूण म्हणून पुढे चालणाऱ्या काठ्यांच्या मोळ्या लोकांसमोर खाली झुकवल्या.

आणि हे फक्त पहिल्या वर्षातलं नाही. इ.स.पू. ४३९ मध्ये स्प्युरियस मिलियस नावाच्या श्रीमंत माणसानं दुष्काळात स्वतःच्या पैशानं धान्य आणून वाटलं, राजा व्हायचा डाव आहे म्हणून त्याला मारलं. इ.स.पू. ३८४ मध्ये मॅनलियस, ज्यानं उत्तरेकडून आलेल्या गॉल लोकांच्या हल्ल्यात कॅपिटोलाइन टेकडी वाचवली होती, तो कर्जबाजारी लोकांची कर्जं स्वतः फेडायला लागला, तर त्याच्यावर हाच आरोप आणि शिक्षा म्हणून कड्यावरून ढकलून दिलं. या दोन्ही प्रकरणांत मला तरी असं वाटतं की राजा होण्याची भीती खरी होती पण तिचा वापर सोयीनं झाला, गरिबांच्या बाजूनं जास्त पुढे येणाऱ्या माणसाला गप्प करायला. वाचताना तुम्हीच ठरवा.

देवांची काही कामं मात्र अशी होती की ती राजानंच करायची. मग त्यांनी 'पूजेपुरता राजा' असं एक पद ठेवलं आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही अधिकारपद घ्यायला बंदी घातली. देवाचा नियमही पाळला आणि राजालाही अडवलं.

पायरी ५: कर्जाचं भांडण, इथे वेळ द्या

घाई असेल तर बाकी पायऱ्या भराभर वाचा पण इथे थांबा.

राजा गेला म्हणजे सत्ता लोकांकडे आली असं झालं नाही. ती गेली पॅट्रिशियन म्हणवणाऱ्या मोजक्या घराण्यांकडे. कॉन्सल त्यांचे, पुजारी त्यांचे, कायदा काय आहे हे माहीत असणारेही तेच, कारण कायदा लिहिलेलाच नव्हता. बाकीचे सगळे ते प्लेबियन. प्लेबियन म्हणजे फक्त गरीब असं समजू नका, त्यांच्यातही पैसेवाले होते, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

रोमन इतिहासकार लिव्हीनं इ.स.पू. ४९५ मधला एक प्रसंग लिहून ठेवलाय. एक म्हातारा फोरममध्ये धावत आला. कपडे मळके, अंग वाळलेलं, दाढी-केस वाढलेले, पण लोकांनी ओळखलं, हा तर सेनेत तुकडीचा नायक होता. त्यानं छातीवरचे लढाईचे व्रण दाखवले. मग हकिगत सांगितली. तो सबाइन लोकांशी लढायला गेला असताना शत्रूनं त्याचं पीक नासवलं, घर जाळलं, गुरं नेली. त्याच वेळी सरकारनं कर लावला. त्यानं कर्ज काढलं, व्याजावर व्याज चढलं, आधी आजा-बापापासूनची जमीन गेली, मग बाकीचं किडूकमिडूक, आणि शेवटी सावकारानं त्यालाच धरून नेलं. पाठ उघडी करून त्यानं ताजे वळ दाखवले. सगळा फोरम खवळला.

सावकार माणसालाच नेऊ शकत होता हे आज वाचायला विचित्र वाटतं, पण त्यांच्याकडे तशी कायदेशीर पद्धतच होती, नेक्सम म्हणायचे, कर्जाला तारण स्वतःचं अंग. आणि मॅप बघताना अधोरेखित केलेलं आठवा, हाच माणूस सैनिक आहे. तो लढायला गेला की शेत पडतं, शेत पडलं की कर्ज, कर्ज झालं की बेडी, आणि बेडीत असला की लढायला कोण जाणार?

तेवढ्यात व्हॉल्स्की चाल करून आले. प्लेबियन म्हणाले आम्ही नावं नोंदवत नाही. कॉन्सल सर्व्हिलियसनं जाहीर केलं की सैन्यात नाव देणाऱ्याला कोणी कैदेत ठेवणार नाही आणि तो छावणीत असताना त्याच्या मालमत्तेला कोणी हात लावणार नाही. लोक गेले, लढले, जिंकून आले. आल्यावर दुसरा कॉन्सल अ‍ॅपियस क्लॉडियस यानं कर्जाचे खटले पहिल्यापेक्षा कडक चालवले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा वचनं, पुन्हा फिरवाफिरवी. मग इ.स.पू. ४९४ मध्ये ते सरळ शहर सोडून अ‍ॅनिओ नदीपलीकडच्या एका टेकडीवर जाऊन बसले, रोमपासून तीन रोमन मैलांवर. खंदक खणून छावणी केली, लूट नाही, हल्ला नाही, नुसते बसून राहिले. शहरात उरलेल्यांना कळेना की आता शत्रू आला तर काय करायचं.

समजूत घालायला मेनेनियस अग्रिपाला पाठवलं, त्यानं पोट आणि बाकीच्या अवयवांची गोष्ट सांगितली, पोटाला खायला घालायचं नाही म्हणून हातापायांनी संप केला आणि सगळं शरीरच खंगलं. गोष्ट प्रसिद्ध आहे, पण लोक गोष्ट ऐकून परत आले नाहीत, ते एक ठोस अट मान्य करून घेऊन परत आले. आमचे स्वतःचे अधिकारी हवेत, आणि त्यांना हात लावणाऱ्याचा जीव घेतला तरी तो गुन्हा नाही. हेच ते ट्रिब्यून. ट्रिब्यूननं शहराबाहेर रात्र काढायची नाही, त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं, कुठल्याही प्लेबियनला अधिकारी ओढून नेत असला की यानं मधे पडायचं. आधी थोडे होते, पुढे दहा झाले. सीझरच्या काळात ट्रिब्यूनचा व्हेटो, म्हणजे 'नाही' म्हणून काम थांबवायचा हक्क, एवढा गाजतो त्याचं मूळ हे, कर्जात बुडालेल्या सैनिकाला सोडवायला उभा राहिलेला माणूस.

पुढचं साखळीसारखं वाचत जा. कायदा लिहून द्या या मागणीवरून दहा जणांची समिती बसली आणि इ.स.पू. ४५१-४५० मध्ये बारा पाट्यांचा कायदा झाला. तो मऊ कायदा नव्हता. कर्ज सिद्ध झालं की फेडायला ३० दिवस, नंतर सावकार धरून नेणार, ६० दिवस बेडीत, त्या मुदतीत सलग तीन बाजारांच्या दिवशी लोकांसमोर आणून रक्कम पुकारणार, तरी कोणी सोडवलं नाही तर ठार मारणं किंवा टायबरपलीकडे विकणं. वाचून अंगावर काटा येतो, पण निदान आता किती दिवस, कुठल्या दिवशी, हे सगळ्यांना माहीत होतं, न्यायाधीशाच्या मर्जीवर नव्हतं. सीझरच्या काळातला वक्ता सिसेरो, त्याच्या लहानपणीसुद्धा मुलं हा कायदा पाठ करायची.

त्याच समितीतला, वरच्या कॉन्सलच्याच नावाचा पण दुसरा, अ‍ॅपियस क्लॉडियस खुर्ची सोडेना, व्हर्जिनिया नावाच्या मुलीला खोट्या दाव्यात गुलाम ठरवून ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तिच्या बापानं तिला सोडवण्याचा दुसरा मार्ग नाही म्हणून बाजारातल्या खाटकाची सुरी उचलून तिलाच मारलं. लोक पुन्हा शहर सोडून गेले, समिती गेली, ट्रिब्यून परत आले. लक्षात घ्या, राजा जातानाही एका बाईचा मृत्यू, समिती जातानाही, आणि मतदानाचा हक्क मात्र रोमच्या बाईला कधीच नाही.

इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियसच्या कायद्यानं पॅट्रिशियन-प्लेबियन लग्नांवरची बंदी उठली, ही बंदी त्या बारा पाट्यांतच घातलेली होती. मग येतात लिसिनियस आणि सेक्स्टियस हे दोन ट्रिब्यून. यांची चाल बघण्यासारखी आहे. त्यांनी तीन गोष्टी एकत्र बांधल्या: भरलेलं व्याज मुद्दलातून वजा करून उरलेलं तीन वर्षांत हप्त्यानं फेडायचं, सरकारी जमीन कोणी ५०० युगेरापेक्षा म्हणजे सुमारे ३१० एकरांपेक्षा जास्त धरायची नाही, आणि दोनपैकी एक कॉन्सल प्लेबियन. गरिबाला पहिल्या दोन हव्या होत्या, तिसरीत त्याला काय मिळणार? तिसरी हवी होती श्रीमंत प्लेबियनांना. लोक म्हणाले दोनच पास करा, हे दोघं म्हणाले घ्यायचं तर तिन्ही घ्या. परंपरा सांगते की ते दहा वर्षं सतत निवडून येत राहिले आणि मधे काही वर्षं त्यांनी व्हेटो घालून मोठ्या पदांच्या निवडणुकाच होऊ दिल्या नाहीत. इ.स.पू. ३६७ मध्ये तिन्ही झालं, आणि पुढच्या वर्षी पहिला प्लेबियन कॉन्सल झाला तो सेक्स्टियस स्वतः.

कर्जासाठी माणूस बांधायची पद्धत गेली त्याचं साल लिव्ही इ.स.पू. ३२६ देतो. आणि इ.स.पू. २८७ मध्ये, पुन्हा कर्जावरूनच, लोक जॅनिक्युलम टेकडीवर जाऊन बसले तेव्हा डिक्टेटर, म्हणजे संकटापुरता नेमलेला एकटा अधिकारी, होर्टेन्सियसच्या कायद्यानं प्लेबियन सभेचे ठराव सगळ्या रोमला लागू झाले. दोनशे वर्षांचं भांडण, आणि हत्यार जवळपास प्रत्येक वेळी तेच, आम्ही लढायला येत नाही.

पायरी ६: पदं शिका, पण जन्माच्या क्रमानं

बहुतेक ठिकाणी पदांचा तक्ता वरून खाली दिलेला असतो, तो आत्ता बाजूला ठेवा.

आधी कॉन्सल. राजाचेच अधिकार, सेनापतीपद धरून, पण माणसं दोन आणि मुदत एक वर्ष, आणि एकानं दुसऱ्याला अडवलं की काम थांबलं. प्रत्येकापुढे बारा लिक्टर काठ्यांची मोळी खांद्यावर घेऊन चालायचे, शहराबाहेर त्या मोळीत कुऱ्हाड असायची आणि शहरात ती काढायची, कारण शहरात नागरिकाला लोकांकडे अपील करायचा हक्क होता. वर्षाला नावही या दोघांचंच, अमुक आणि तमुक कॉन्सल असताना असं.

दोघांचं पटलं नाही आणि शत्रू दारात आला तर? त्यासाठी डिक्टेटर. आजच्या अर्थानं घेऊ नका. कॉन्सलनं रात्रीच्या वेळी नेमायचा, एकच माणूस, चोवीस लिक्टर, पण जास्तीत जास्त सहा महिने. सिन्सिनाटसचं उदाहरण रोमन लोक पोरांना सांगायचे: टायबरपलीकडे चार युगेरा जमीन, म्हणजे अडीच एकर, तिथे काम करत असताना इ.स.पू. ४५८ मध्ये त्याला बोलावणं आलं, त्यानं एक्वी लोकांनी कोंडलेलं सैन्य सोडवलं आणि सोळाव्या दिवशी पद सोडून तो शेतावर परत गेला.

सेन्सॉर आले इ.स.पू. ४४३ मध्ये. यांचं काम शिरगणती, कोणाची किती मालमत्ता, कोण कुठल्या गटात, सरकारी ठेके कोणाला. पुढे सिनेटमध्ये कोण बसणार हेही यांच्या हातात आलं, म्हणून हे सगळ्यात मानाचं पद. इ.स.पू. ३१२ चा सेन्सॉर अ‍ॅपियस क्लॉडियस, वरच्या अ‍ॅपियसच्याच घराण्यातला, यानं व्हिया अ‍ॅपिया हा रस्ता आणि रोमचा पहिला पाण्याचा कालवा बांधायला घेतला.

प्रेटर, न्यायदानासाठी, इ.स.पू. ३६६ पासून. तारीख बघा, कॉन्सलपद प्लेबियनांना उघडं झालं त्याच वर्षी कोर्टाचं काम वेगळं काढून नव्या पदाकडे गेलं आणि ते आधी पॅट्रिशियनांकडेच राहिलं, पहिला प्लेबियन प्रेटर व्हायला इ.स.पू. ३३७ उजाडलं. क्वेस्टर खजिना बघायचे, एडाइल बाजार, रस्ते, देवळं आणि उत्सव. पगार कुठल्याच पदाला नाही, म्हणजे पोट भरायची चिंता असलेला माणूस उभाच राहू शकत नव्हता.

पायरी ७: मतदान एकदा कागदावर करून बघा

सभा दोन-तीन प्रकारच्या होत्या पण कॉन्सल निवडणारी सेंच्युरियाटा सभा तेवढी नीट समजून घ्या. ही मुळात सैन्याची मांडणी, म्हणून शहराच्या हद्दीबाहेर मार्सच्या मैदानात भरायची. इथे माणसाला मत नाही, गटाला मत. एकूण १९३ गट.

आता कागदावर लिहा. घोडेस्वार १८ गट. पहिला वर्ग, म्हणजे जास्त मालमत्तेवाले, ८०. दुसरा, तिसरा, चौथा प्रत्येकी २०, पाचवा ३०, कारागीर आणि वाजंत्री मिळून ४, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्या सगळ्यांचा मिळून १. बेरीज १९३. बहुमताला हवे ९७. घोडेस्वार आणि पहिला वर्ग मिळून किती झाले? ९८. मतदान वरून सुरू व्हायचं आणि बहुमत झालं की तिथेच बंद. वरचे दोन गट एक झाले की खालच्यांना मत द्यायची वेळच येत नव्हती, आणि तो शेवटचा एक गट, ज्यात माणसं भरपूर, तो नुसता उन्हात उभा. वर मत तोंडी सांगायचं, गुप्त मतदान निवडणुकीत आलं थेट इ.स.पू. १३९ मध्ये, त्याआधी तुमचा आश्रयदाता शेजारी उभा असताना त्याच्याविरुद्ध बोलायची हिंमत किती जणांची असेल.

दुसरी सभा जमातींची, ही माणूस कुठे राहतो त्यावर. इ.स.पू. २४१ पासून ३५ जमाती, त्यातल्या ४ शहरी आणि ३१ ग्रामीण. प्लेबियनांची सभा याच धर्तीची आणि ट्रिब्यून तीच निवडायची, म्हणून २८७ चा कायदा एवढा मोठा.

पायरी ८: सिनेट

सिनेट कायदे करत नव्हतं, सल्ला द्यायचं. सुमारे ३०० जण, तहहयात. पण कॉन्सल वर्षभराचा आणि हे कायमचे, शिवाय वर्ष संपल्यावर कॉन्सलला यांच्यातच येऊन बसायचंय, मग त्यांचा सल्ला कोण डावलणार. खजिना आणि परराष्ट्र व्यवहार हळूहळू त्यांच्या हातात गेले ते असे. इथे एवढं पुरे, सिनेटचा खरा जोर पुढच्या शतकात दिसतो.

पायरी ९: आता मूळ लेखक उघडा

इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात, कॉपीराइट संपलेली. लिव्हीनं रोमचा इतिहास १४२ भागांत लिहिला, त्यातले ३५ उरलेत, आणि सुदैवानं पहिले दहा आहेत. पहिला भाग राजांचा. पण सुरुवात दुसऱ्यापासून करा असं मी सांगेन, म्हातारा सैनिक आणि शहर सोडून जाणं त्यात आहे. मग तिसरा, दहा जणांच्या समितीसाठी. चौथ्यात कॅन्युलियसचं भाषण, सहाव्याच्या शेवटी लिसिनियस आणि सेक्स्टियस. पहिला भाग शेवटी वाचला तरी चालतो.

लिव्ही या घटनांनंतर चारशे-पाचशे वर्षांनी लिहीत होता, आणि गॉल लोकांनी शहर जाळलं तेव्हा जुन्या नोंदी बहुतेक नष्ट झाल्या हे तो स्वतःच सहाव्या भागाच्या सुरुवातीला सांगतो. त्यामुळे भाषणं त्याची समजायची. कायदे, पदं आणि भांडणाचा विषय यांच्यावर जास्त भरवसा ठेवा, कोण काय बोललं यावर कमी. मग पॉलिबियसचा सहावा भाग. हा ग्रीक माणूस इ.स.पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून इटलीत आला आणि रोम एवढं कसं वाढलं हे समजून घ्यायच्या मागे लागला. तो म्हणतो कॉन्सल बघितले तर राजेशाही वाटते, सिनेट बघितलं तर सरदारांचं राज्य, लोकसभा बघितल्या तर लोकशाही, आणि तिन्ही एकमेकांना धरून ठेवतात. मांडणी सुंदर आहे, पण कर्ज, बेडी, टेकडीवर जाऊन बसणं हे त्यात फारसं येत नाही, म्हणून लिव्हीच्या आधी हे वाचू नका.

युरोप टूरमध्ये रोमला जाणार असाल तर कोलोसियम बघाच पण ते या काळाच्या कितीतरी नंतरचं आहे. या काळासाठी फोरममध्ये सिनेटच्या इमारतीसमोरची काळ्या दगडाची जागा शोधा, पॅलाटाइनवर झोपड्यांच्या खुणा बघा, कॅपिटोलाइन म्युझियममध्ये ज्युपिटरच्या देवळाचा पाया आहे तो बघा, आणि टर्मिनी स्टेशनच्या बाहेर पडलात की शेजारीच मोठ्या चिऱ्यांची जुनी भिंत दिसते, तिला सर्व्हियसचं नाव आहे पण ती इ.स.पू. चौथ्या शतकातली, म्हणजे गॉल लोक येऊन गेल्यानंतर बांधलेली.

आणि एक सराव. लिव्हीच्या दुसऱ्या भागातला ४९५-४९४ चा मजकूर वाचून झाला की वहीत दोन रकाने करा, एकात प्रत्येक वचन कोणी दिलं, दुसऱ्यात ते कोणी मोडलं. सर्व्हिलियस, अ‍ॅपियस, मग डिक्टेटर व्हॅलेरियस आणि सिनेट, सगळ्यांची नावं त्यात येतील. ते पान भरलं की तिसरा भाग उघडा आणि दहा जणांच्या समितीसाठी तेच दोन रकाने परत करा.